द्वेषाची बातमी दोन घटनांच्या मध्ये असते

नंदुरबार जिल्ह्यात सिनेगॉग नाही. २०११ च्या जनगणनेत साऱ्या देशात ज्यू धर्मीयांची संख्या ४,६५० भरली. त्यातले २,४६६ महाराष्ट्रात होते आणि तेही बहुतेक मुंबई, ठाणे, पुणे, रायगड या पट्ट्यात. तेव्हा ज्यू समाजाच्या आणि ज्यूद्वेषाच्या बातम्या देण्यात उभी हयात घालवणाऱ्या पत्रकारांविषयी शहादा-तळोद्याच्या वाचकाने का वाचावे, हा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, एखाद्या लहान समाजाविरुद्धचा द्वेष कसा तयार होतो, वृत्तपत्रे तो कसा पसरवतात आणि वृत्तपत्रेच तो कसा उघडा पाडू शकतात, याचा जितका भरघोस पुरावा या विषयात साठला आहे तितका क्वचितच दुसरीकडे सापडेल. त्या पुराव्यातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे येते. दंगल झाल्यावर, जमावाने माणूस मारल्यावर धावत जाणारा बातमीदार द्वेषाचा शेवट तेवढा पाहतो. त्याची सुरुवात आधीच्या कित्येक वर्षांत झालेली असते, आणि ती दिसायला एकच माणूस त्या विषयावर वर्षानुवर्षे बसलेला असावा लागतो. मराठी वृत्तपत्रांनी अशी माणसे घडवली पाहिजेत. सातपुड्याच्या पायथ्याला तर ती गरज फार निकडीची आहे.

लंडनच्या 'टाइम्स'चे प्रकरण पाहा. 'प्रोटोकॉल्स ऑफ द एल्डर्स ऑफ झायन' ही पुस्तिका म्हणजे ज्यू पुढाऱ्यांनी जग ताब्यात घेण्यासाठी रचलेल्या कटाचे गुप्त टिपण आहे, असे तेव्हा सांगितले जात होते. १९०३ मध्ये रशियातल्या एका वृत्तपत्राने ती पहिल्यांदा छापली, १९२० मध्ये तिचा इंग्रजी अनुवाद निघाला, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात 'टाइम्स'सारख्या भारदस्त पत्राने या पुस्तिकेची चौकशी व्हावी असा लेख प्रसिद्ध केला. पुस्तिका खरी आहे असा दावा त्यात नव्हता, चौकशीची मागणी होती. पण अफवेला प्रतिष्ठा मिळायला तेवढे पुरते. सव्वा वर्षाने त्याच पत्राचा कॉन्स्टँटिनोपलचा वार्ताहर फिलिप ग्रेव्ह्ज याने हे खोटे मुळापासून उलगडले. एका रशियन निर्वासिताने त्याला शीर्षकपान गळून पडलेले एक जुने फ्रेंच पुस्तक दिले. मोरिस जोली नावाच्या वकिलाने १८६४ मध्ये लिहिलेले ते पुस्तक म्हणजे नरकात मॅकियाव्हेली आणि माँतेस्क्यू यांच्यात झालेला कल्पित संवाद होता, आणि त्याचा रोख तिसऱ्या नेपोलियनच्या हुकूमशाहीवर होता. ज्यूंचा त्यात काहीएक संबंध नव्हता. ग्रेव्ह्जने दोन्ही मजकूर शेजारी शेजारी ठेवून परिच्छेदामागून परिच्छेद कसे उचलले आहेत ते दाखवले. १६, १७ आणि १८ ऑगस्ट १९२१ असे सलग तीन दिवस हे लेख छापून आले. हा वार्ताहर पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून त्या शहरात काम केलेला होता. कोण कुठून आला आहे, कोणाच्या हातातला कागद खरा, कोण पैशासाठी कागद विकत हिंडतो, हे ज्याला ठाऊक असते त्याच्याच हाती असा पुरावा कामाचा ठरतो.

यावर कोणी म्हणेल, उलगडले तरी काय झाले? अमेरिकेत मोटारींचे कारखानदार हेन्री फोर्ड यांच्या साप्ताहिकाने तोच मजकूर पुढे चालवला. हर्मन बर्नस्टाइन या पत्रकाराने त्याविरुद्ध पुस्तक लिहिले, फोर्डवर खटला भरला, आणि १९२७ मध्ये फोर्ड यांनी जाहीर माफी मागितली. तरी नाझींनी ती पुस्तिका प्रचारासाठी वापरलीच, आणि १९८८ च्या हमासच्या सनदेतही तिचा हवाला आहे. हा आक्षेप मला पूर्णपणे खोडता येत नाही. छापील पुराव्याने द्वेष मरत नाही. पण तो पुरावा छापलेला होता म्हणूनच स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या न्यायालयात नाझी समर्थकांना खेचता आले आणि १९३५ मध्ये न्यायाधीशांना ती पुस्तिका बनावट असल्याचे नोंदवता आले. पुढे वरच्या न्यायालयात कायद्याच्या तांत्रिक मुद्द्यावर तो निकाल पालटला, तरी ती पुस्तिका खरी असल्याचे कोणत्याही न्यायालयाने म्हटले नाही. अजाणतेपणी खोटे पसरवणारा आणि खोटे आहे हे माहीत असून पसरवणारा, या दोघांत कायद्याला फरक करावा लागतो. तो करता यावा यासाठी सत्य कुठेतरी वेळेवर, नावानिशी आणि तारखेनिशी छापलेले असणे भाग असते.

वृत्तपत्र दुसरे टोकही गाठू शकते, हे किशिनेव्हने दाखवले. आज मोल्दोव्हाची राजधानी असलेल्या या शहरात १९०३ च्या ईस्टरमध्ये जमावाने ४९ ज्यूंना मारले. आसपासच्या एका गावात एका ख्रिस्ती मुलाचा खून झाला होता आणि नंतर तो नात्यातल्याच माणसाने केल्याचे निघाले. पण किशिनेव्हच्या 'बेसाराबेत्स' या वृत्तपत्राने ज्यूंनी धार्मिक विधीसाठी मुलाचे रक्त घेतले असा संशय आठवडेच्या आठवडे पेरला. त्याच पत्राचा संपादक क्रुशेवान याने पुढे काही महिन्यांत ते बनावट 'प्रोटोकॉल्स' सर्वप्रथम छापले. मुलांना पळवून नेणाऱ्या परक्यांची ही कथा आपल्या दारात येऊन गेली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा गावी, आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारले. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. अशी टोळी आल्याचा संदेश व्हॉट्सॲपवर त्याआधी कित्येक दिवस फिरत होता. नंदुरबार १ जुलै १९९८ ला धुळ्यापासून वेगळा झाला, तरी बाजार, सोयरिकी आणि अफवा जिल्ह्याची हद्द पाहून चालत नाहीत. त्या दिवसानंतर राज्यभरातून बातमीदार राईनपाड्यात आले, आठवडाभर राहिले, उत्तम लिहिले. पण त्या आधीच्या पंधरवड्यात ही अफवा गावोगाव कशी चालली आहे, भटक्या समाजाच्या पालांवर काय बोलले जाते आहे, डवरी गोसावी कोण आणि ते दरवर्षी खानदेशात का येतात, हे सांगणारी बातमी कोणी दिली असती तर ती गावात पोहोचली असती. ती द्यायला त्या विषयावर कोणी नेमलेलाच नव्हता. आणि हे विसरू नये की, राईनपाड्याचे आदिवासी गावकरीही पिढ्यान् पिढ्या संशयाच्या नजरेखालीच जगले आहेत. कॅप्टन आउट्रमने १८२५ मध्ये खानदेश भिल्ल कोअर उभी केली, त्या काळापासून सरकारी दफ्तरात भिल्ल म्हणजे लुटारू अशीच नोंद रुळली होती. ज्याच्यावर कलंक लादला गेला तोच उद्या दुसऱ्यावर लादू शकतो. म्हणून एका समाजाला कायमचा खलनायक ठरवणारी बातमीदारीही तितकीच अपुरी.

मराठीत असे काम कोणी केलेच नाही, असे मात्र नाही. ते आपल्या नजरेआड राहिले. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आलेल्या पूर्वजांची आठवण सांगणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली' म्हटले गेलेले बेने इस्रायल ज्यू हे पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर अशी कोकणातल्या गावांची नावे लावतात आणि त्यांची घरची भाषा मराठी आहे. जोसेफ एझेकिएल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ च्या सुमारास समाजाचा इतिहास लिहून काढला. तो छापून यायला १९३७ उजाडले. १९१७-१८ च्या सुमारास बेने इस्रायल कॉन्फरन्स आणि ऑल इंडिया इस्रायलाइट लीग अशा दोन संस्था उभ्या राहिल्या. लहानशा समाजाने राजकारणात काय भूमिका घ्यावी यावर त्यांच्यात चांगलेच वाद झाले, आणि दोघांची आपापली इंग्रजी-मराठी नियतकालिके होती. त्याच काळात रिबेका रूबेन या विदुषीने समाजाचे वार्षिक संपादित केले. पुढे इस्रायलमध्येही नोहा मस्सील यांनी 'मायबोली' हे मराठी नियतकालिक चालवले. या सगळ्या लिखाणाकडे आपण एका छोट्या समाजाचे घरगुती पत्रक म्हणून पाहिले. वस्तुतः ते बातमीदारीच करत होते. मुंबईतल्या बेने इस्रायल शाळांपासून ते बगदादहून आलेल्या श्रीमंत ज्यूंनी आपल्याला कमी लेखण्यापर्यंत सारे त्यात चर्चेला येत होते. मोठ्या मराठी दैनिकांनी यातली किती माहिती आपल्या वाचकांपर्यंत नेली? फार थोडी. दिवाळी अंकातला एखादा लेख, एखाद्या कलावंताच्या निधनानंतरची आठवण, एवढ्यावर आपण भागवले.

आता सर्वात जोरदार आक्षेपाकडे येतो. ज्यू पत्रकाराने ज्यूंच्या बातम्या द्याव्यात, आदिवासी पत्रकाराने आदिवासींच्या, म्हणजे प्रत्येक जण आपल्या समाजाचा वकील होणार. मग तटस्थता राहिली कुठे? हा धोका खरा आहे, पण त्याच्या उलटा धोका किती मोठा असतो हे 'न्यूयॉर्क टाइम्स'ने दाखवून दिले. त्या पत्राचे मालक ज्यू होते, आणि आपले पत्र 'ज्यूंचे पत्र' ठरू नये ही त्यांना सतत काळजी होती. लॉरेल लेफ या अभ्यासिकेने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात हिशोब मांडला आहे: १९३९ ते १९४५ या काळात युरोपातल्या ज्यूंच्या छळाविषयी त्या पत्राने हजाराहून अधिक बातम्या दिल्या, पण पहिल्या पानावर त्यांतल्या जेमतेम २६ आल्या. पोलंडमध्ये सात लाख ज्यू मारले गेल्याची बातमी १९४२ च्या जुलैमध्ये हाती आली तेव्हा ती आतल्या पानावर गेली. बातम्या होत्या, बातमीदार होते, पण हा विषय माझा आहे आणि तो पहिल्या पानावर गेलाच पाहिजे, असे संपादकाच्या टेबलावर हात आपटून सांगणारे कोणी नव्हते. पक्षपाती दिसण्याच्या भीतीने एवढा मोठा संहार पाना-पानांत विखुरला गेला. उलट बाजूला फ्रान्समध्ये कॅप्टन ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला १८९४ मध्ये हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून पकडले तेव्हा त्याच्या बाजूने पहिली पुस्तिका लिहिणारा बर्नार लाझार हा पत्रकार स्वतः ज्यू होता. तो ज्यू होता म्हणून त्याचा पुरावा कच्चा ठरला नाही. हस्ताक्षराचा, कागदपत्रांचा तपास पुढे टिकला आणि १९०६ मध्ये ड्रेफस निर्दोष ठरला. ग्रेव्ह्ज तर ज्यू नव्हता. तेव्हा बातमीदाराचा धर्म विचारण्यापेक्षा त्याने काय तपासले हे विचारावे.

चांगला बातमीदार आपल्या विषयातल्या समाजालाही सोडत नाही, याचे उदाहरण थेट मराठी माणसांच्या आयुष्यातले आहे. इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलांना तिथल्या धर्मपीठाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अडवले. इतर ज्यूंशी लग्न करायचे तर त्यांच्या वंशावळीची आधी चौकशी व्हावी, असे फर्मान निघाले. पेण-रोह्याकडून गेलेल्या माणसांना ज्यूंच्याच देशात आपण ज्यू आहोत हे सिद्ध करावे लागत होते. त्यांनी आंदोलन केले, भारतात त्याचे पडसाद उमटले, आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे सर्व बाबतींत समान ज्यू असल्याचे जाहीर केल्यावर धर्मपीठाला ते फर्मान बदलावे लागले. ज्यू समाजाच्या बातम्या देणे म्हणजे त्या समाजाची तळी उचलणे असते, तर ही बातमी दडपली गेली असती.

भारतात ज्यूद्वेष कधी नव्हताच, मग त्यावर बातमीदार कशाला, असा दुसरा आक्षेप अभिमानाने घेतला जातो. त्यातला अभिमान खरा आहे. जर्मनीत ज्यूंचे नागरिकत्व हिरावले गेल्याला दोन-तीन वर्षे झाली होती, तेव्हा १९३७-३८ मध्ये मुंबईच्या महापौरपदी डॉ. एलिजा मोझेस हे बेने इस्रायल गृहस्थ होते. कोकणात या समाजाला कोणी घरादारातून हुसकले नाही. पण द्वेष नव्हता म्हणजे जाण होती असे होत नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये नवी मुंबईत 'हिटलर्स क्रॉस' नावाचे उपाहारगृह उघडले आणि ज्यू समाजाने निषेध केल्यावर त्याचे नाव बदलावे लागले. पुढच्याच वर्षी मुंबईत चादरींच्या एका मालिकेला 'नाझी कलेक्शन' असे नाव दिले गेले. रेल्वे स्टेशन आणि बस स्थानकांवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर हिटलरचे आत्मचरित्र आजही सहज मिळते, आणि शिस्त शिकवणारे, जिद्द शिकवणारे पुस्तक म्हणून ते विकले जाते. याची मुळे इंग्रजांचा शत्रू तो आपला मित्र या जुन्या भावनेत आहेत. सुभाषबाबूंच्या बर्लिनवारीने त्या भावनेला आपल्याकडे एक वीररसाची छटाही दिली. वि. ग. कानिटकरांचे 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' घराघरांत वाचले गेले, तरी साठ लाख ज्यूंच्या हत्येपेक्षा रणगाड्यांच्या लढायाच वाचकांच्या लक्षात राहिल्या. या अज्ञानाची किंमत २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर झालेल्या दहशतवादी हल्ल्यात दिसली. कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये, छबाड या ज्यू संस्थेच्या केंद्रात, रब्बी गाव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांची पत्नी रिव्का यांच्यासह सहा ज्यूंना मारले गेले. दोन वर्षांच्या मोशेला त्याची दाई सँड्रा सॅम्युएल हिने बाहेर काढले. ताज आणि छत्रपती शिवाजी टर्मिनस ही गर्दीची, नावाजलेली ठिकाणे होती. गल्लीतले ते घर निवडले गेले ते केवळ तिथे ज्यू राहतात म्हणून, आणि हल्ल्याच्या कटात सामील असलेल्या डेव्हिड हेडलीने त्याची आधी पाहणीही केली होती. छबाड ही काय संस्था आहे, तिचा मुंबईच्या बेने इस्रायलांशी काय संबंध आहे, दहशतवाद्यांच्या प्रचारात ज्यूंना काय स्थान आहे, हे त्या रात्री वाचकाला सांगू शकेल असा एक तरी माणूस प्रत्येक मोठ्या वृत्तपत्रात असायला हवा होता.

इथे एक विसंगती नोंदवली पाहिजे, कारण ती आपल्या सार्वजनिक बोलण्यात रोज दिसते. इस्रायलच्या लष्कराचे कौतुक करणारा आणि हिटलरच्या 'कणखरपणा'ची तारीफ करणारा माणूस अनेकदा एकच असतो. त्याला ज्यूंशी घेणेदेणे नसते. त्याला ताकद आवडते आणि आपल्या शेजाऱ्यावर उगारायला काहीतरी हवे असते. दुसऱ्या बाजूला इस्रायल सरकारच्या कृत्यांचा राग जगभरच्या ज्यू माणसांवर काढणारेही आहेत. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसे मारली आणि अडीचशेच्या आसपास माणसांना ओलीस नेले. त्यानंतर गाझात दहा हजारांच्या कित्येक पट पॅलेस्टिनी मेले, त्यांत मुले आणि बाया फार मोठ्या संख्येने होत्या. या युद्धावर, त्या सरकारवर कठोरातले कठोर लिहिण्याचा हक्क पत्रकाराला आहे, आणि ते लिहिले म्हणून कोणी ज्यूद्वेष्टा ठरत नाही. पण ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये शब्बाथला जाणाऱ्या वृद्ध माणसाने त्या युद्धाचा जाब का द्यावा? टीका कुठे थांबते आणि द्वेष कुठून सुरू होतो, ही रेषा घाईत आखता येत नाही. 'प्रोटोकॉल्स'मधली वाक्ये नव्या वेशात आली की ती ओळखणारा, आणि टीकेचे तोंड बंद करायला ज्यूद्वेषाचा आरोप वापरला गेला तर तोही ओळखणारा बातमीदार लागतो. दोन्ही ओळखी बरीच वर्षे त्या विषयात घातल्यावरच येतात.

उरला पैशाचा प्रश्न, आणि जिल्ह्यातल्या वृत्तपत्रासाठी तोच सर्वात अवघड. तालुक्याचा वार्ताहर बहुतेक ठिकाणी बातमीच्या मानधनावर जगत नाही, जाहिरातींच्या कमिशनवर जगतो. ज्याच्याकडून जाहिरात घ्यायची त्याच्याविरुद्ध बातमी देण्याची अपेक्षा त्याच्याकडून करणे हा त्याच्यावर अन्याय आहे. म्हणून नंदुरबारची बातमी बाहेरून येऊन बाहेर जाते. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरच्या पोल्ट्री फार्ममध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला तेव्हा सारा देश नवापुरात होता, आणि महिन्याभरात कोणी नव्हते. पावसाळ्यात कुपोषण, फाल्गुनात काठीची राजवाडी होळी. सातपुड्याच्या बातमीचे वर्ष असे दोन भेटींत संपते. जिल्ह्यात आदिवासींचे प्रमाण ६९ टक्क्यांच्या वर आहे, आणि त्या ६९ टक्क्यांच्या रोजच्या जगण्यावर कायम लिहिणारा माणूस शोधावा लागतो. मधल्या महिन्यांत एखाद्या पाड्यावर एका बाईला डाकीण ठरवले जाते. आधी तिच्या हातचे पाणी घेणे थांबते, मग गावात कोणाचे मूल आजारी पडते, भगताकडे विचारणा होते, नाव निघते, आणि पुष्कळदा त्यामागे जमिनीचा वाटा असतो. डिसेंबर २०१३ मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात हा गुन्हा आहे, अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते सातपुड्यात त्याविरुद्ध झटत आले आहेत; पण बातमी होते ती बाईला मारहाण झाल्यावर, चार ओळींत. किशिनेव्हची अफवा, राईनपाड्याचा संदेश आणि पाड्यावरची डाकीण यांतल्या माणसांच्या भाषा वेगळ्या असल्या, तरी आपल्या दुःखाचे खापर फोडायला जवळचे दुबळे माणूस शोधण्याची रीत तीच आहे. ज्यूद्वेषावर आयुष्यभर लिहिणाऱ्या पत्रकारांनी ती रीत जगाला उलगडून दाखवली. ती भिली आणि पावरी भाषांत ओळखू शकणारा बातमीदार इथलाच असला पाहिजे.

यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. एका आवृत्तीने एक माणूस जाहिरातींच्या जबाबदारीतून मोकळा करावा, त्याला त्या भागाची भाषा येत असावी, त्याच्या जुन्या बातम्यांची नीट जपणूक व्हावी, आणि कोणी नाराज झाले म्हणून त्याची बदली होऊ नये. खर्च एका पगाराचा आहे. नंदुरबारच्या वाचकांनी आपल्या वृत्तपत्राकडे एवढे मागावे: धडगाव-अक्कलकुव्यासाठी असा एक बातमीदार नेमा, त्याला पूर्ण पगार द्या, आणि पुढची दहा वर्षे त्याला तिथून हलवू नका.